आक्काची उलटी तार

आक्का, आधी भांडण. बाकीचं नंतर बघू.

तुमच्या तेराव्याची पंगत उठली. माणसं हात धुवत होती आणि तुमचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, अंगणात उभा राहून भंगारवाल्याशी फोनवर बोलत होता. "इंजन चांगलं हाय हो. चार्जिंग तेवढी होत न्हाई. शनवारी या अन् घेऊन जा." मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हणाले, "शनिवारपर्यंत ट्रॅक्टरला कुणी हात लावायचा नाही. बिघाड मी शोधते. नाही सापडला तर उचलून द्यायला मीच साखळी लावते."

पाहुण्यांना वाटलं, भावजयीला नणंदेची काय माया! तुमची मावशी तर डोळ्याला पदर लावून बसली. माया कसली? मला भांडण जिंकायचं होतं. बारा वर्षं चाललेलं भांडण अर्धवट टाकून निघून जायचं, ही काय रीत झाली?

तुम्ही नांदेडच्या दवाखान्यात गेलात त्या दिवसापासून ट्रॅक्टरनं मान टाकली. हळद शिजवून, वाळवून खळ्यावर तयार. पॉलिशचा ड्रम त्याच ट्रॅक्टरवर फिरणार. दिवसभर ड्रम फिरला म्हणजे बॅटरी भरायला पाहिजे की नको? संध्याकाळी बंद करावा आणि सकाळी स्टार्टर दाबावा, तर नुसतं 'कट्'. मग शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर बोलवा, साखळी लावा, ओढा. शेजारी रोज तोच प्रश्न विचारणार, "काहून वैनी, आज बी झोपला का?" एक दिवस मी त्यांना सांगितलं, "उद्यापासून विचारू नका. तो झोपलाय असं धरूनच साखळी घेऊन या."

तुमच्या हाताखाली असताना तो महिन्यातून एखाददुसरी सकाळ रुसायचा. माझ्या हाताखाली रोज. हे मला जास्त झोंबत होतं.

आपलं भांडण कशावरचं, ते आपल्या घराबाहेरच्यांना ठाऊक नसेल. पण आपल्या घरातली म्हण सगळ्या भावकीला ठाऊक आहे. भाजीत मीठ दोनदा पडलं, की 'आक्काची उलटी तार'. परभणीच्या एसटीऐवजी कुणी हिंगोलीच्या एसटीत जाऊन बसलं, की 'आक्काची उलटी तार'. ही म्हण मी काढली. इतकी चालली की सोयऱ्यांच्या लग्नात अनोळखी बाईच्या तोंडून मी ती ऐकली आणि मला, खरं सांगते, अभिमान वाटला.

गोष्ट ट्रॅक्टरच्या बॅटरीची. सगळ्या गाड्यांत बॅटरीचं मायनस बॉडीला जोडतात. ह्या ट्रॅक्टरचं उलटं, ह्याचं प्लस बॉडीला. जुन्या काळात काही गाड्या अशाच यायच्या. बॅटरीशेजारी लोखंडावर, जिथं ती चपटी विणलेली पट्टी बोल्टनं बसते, तिथं तुम्ही कुंकवाचं बोट लावून ठेवायचात. बॅटरी काढली-घातली की स्वतःशी पुटपुटायचात, "कुंकू अंगाला." मला ते पूजेतलं वाटायचं. सासूबाईंना ते खुपायचं, विधवा लेकीनं करंड्याला हात लावायचा म्हणून. तुम्ही त्यांना म्हणालात, "म्या कुटं लावून घेतलं? ट्रॅक्टरला लावलं. त्याचा धनी जित्ता हाय." तुमचा भाऊ तेव्हा ओसरीवर चहा पीत होता, त्याला ठसका लागला.

बारा वर्षांपूर्वीच्या त्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही नरसीला दर्शनाला गेला होता. माझी पिठाची गिरणी सुरू होऊन सहा महिने झाले होते. सासूबाईंनी ती सुरू करू दिली ती एका अटीवर: "एक बी यंत्र बिघडलं तर गिरनीला टाळा." लेकीनं ट्रॅक्टर हाकलेला चालायचा, सुनेनं पट्टा चढवलेला चालायचा नाही. मी गिरणी धुतली, पुसली, आणि हात ओलेच आहेत तर म्हणून ट्रॅक्टरही धुवायला घेतला. बॅटरी उतरवली, टर्मिनलवरचा पांढरा चुरा गरम पाण्यानं काढला, बॅटरी परत बसवली आणि गिरणीत पळाले. सणाचं दळण होतं, बाया डबे घेऊन उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ट्रॅक्टर सुरू केला. सुरू झाला. थोड्या वेळानं डॅशबोर्डमागून धूर आला. मी गिरणीत होते. मला ही बातमी सासूबाईंनी दारात येऊन दिली, तीही नाइलाजानं: "आक्कीनंच तार उलटी लावली म्हनं. तीच म्हनली."

मला ते लगेच पटलं. कारण माझ्या हातचं कुठलंही काम तुम्ही दुसऱ्यांदा केल्याशिवाय सोडायचा नाहीत. मी झाडलेलं अंगण तुम्ही परत झाडायचात. मी पोत्याला मारलेली गाठ सोडून स्वतःची मारायचात. माझ्या गिरणीतलं ज्वारीचं पीठ जाड लागतं म्हणून घरी पुन्हा चाळायचात, तेही माझ्यासमोर! म्हटलं, मी नीट लावलेली तारही ह्यांनी सोडून परत लावली आणि लावली ती उलटी. बरं झालं. एकदा तरी चुकल्या.

मग बारा वर्षं मी ते वाजवत राहिले. बॅटरी कधी उतरली की मी म्हणायची, "मी बराबर लावून दिली होती, तुम्ही उलटी केली अन् डायनामो जाळला." तुम्ही म्हणायचात, "व्हय बाई, उलटीच झाली. पन डायनामो ठनठनीत हाय." बस, एवढंच. तो डायनामो गेलाय हे मला सिद्ध करायचं होतं, शनिवारच्या आत.

पहिल्यांदा बॅटरी काढली. मायनसच्या क्लॅम्पमध्ये तुम्ही पत्र्याची पट्टी कोंबलेली होती, पावडरच्या डब्याची, त्यावर गुलाबाची अर्धी पाकळी अजून शिल्लक. क्लॅम्प सैल होता म्हणून ही कारागिरी. त्याच्या फटीत कुणीतरी पेचकस घालून तो फाकवल्याची खूण दिसत होती. मी मोठ्यानं म्हणाले, "नवा क्लॅम्प आणायला काय झालं होतं ह्यांना?" घरात कुणी नव्हतं. बॅटरी गावात चार्जिंगला दिली, आणून दोन दिवस ओसरीवर ठेवली. आणली तशी भरलेली राहिली. म्हणजे बॅटरी चांगली.

डायनामो फिरवणारा पट्टा बघितला. पट्ट्यातलं मला कुणी शिकवायचं कारण नाही. अंगठ्यानं दाबला, जेवढा दबायला पाहिजे तेवढाच दबला. पट्टा चांगला.

मग डायनामो. ह्याच दिवसाची मी वाट बघत होते. साखळी लावून इंजिन सुरू करून घेतलं. डायनामोच्या दोन्ही तारा सोडल्या, त्याची दोन टोकं एका तुकड्यानं एकत्र जोडली आणि तिथून हेडलाइटचा एक जुना बल्ब बॉडीला लावला. इंजिन हळू चालू होतं. बल्ब असा पेटला की मला नजर वळवावी लागली.

ठनठनीत हाय.

तुमच्या आवाजात ऐकू आलं, आणि सांगते, मला रडू आलं नाही, राग आला. मेल्यावरसुद्धा वाद जिंकायचा? शेजारी साखळी गुंडाळत होते. म्हणाले, "पेटला की वैनी! मग काहून तोंड पाडून राहिल्या?" मी म्हटलं, "तुम्हाला नाही कळायचं."

गुरुवारी डायनामोच्या तारा होत्या तशा जोडल्या आणि भरलेली बॅटरी परत चढवली. इंजिन बंद, दिवे बंद, सगळं बंद. मायनसची तार बॅटरीच्या खुंटीला टेकवली आणि ठिणगी उडाली. बंद ट्रॅक्टर बसल्याजागी वीज खात होता. मध्ये तोच बल्ब जोडला, तर तो पेटून राहिला. म्हणजे आता एकेक तार सोडत जायचं आणि बल्ब कधी विझतो ते बघायचं. दिव्यांची तार सोडली, पेटलेलाच. हॉर्नची सोडली, पेटलेलाच. शेवटी राहिली डॅशबोर्डमागची ती पत्र्याची डबी. तिला कटआउट म्हणतात. इंजिन चाललं की डबीतले दोन पॉइंट एकमेकांना चिकटतात आणि डायनामोची वीज बॅटरीत जाते. इंजिन थांबलं की पॉइंट सुटले पाहिजेत, नाहीतर बॅटरी रात्रभर डायनामोत रिकामी होत बसते.

झाकण जुन्या रंगानं गच्च बसलं होतं. सैल करावं म्हणून पेचकसाच्या मुठीनं त्याच्यावर दोनदा ठोकलं. टक टक.

बल्ब विझला.

मी झाकण उघडलंही नव्हतं. पेचकस हातात धरून मी मागच्या चाकाला टेकून बसले. खूप वेळ बसले असणार, कारण शेळी येऊन माझ्या पदराचं टोक चघळायला लागली तेव्हा भानावर आले.

आक्का, रोज संध्याकाळी ट्रॅक्टर बंद केला की उतरण्याआधी तुम्ही पेचकसाच्या मुठीनं त्या डबीवर दोनदा ठोकायचात. टक टक. मी एकदा विचारलं, हे काय? तर म्हणालात, "थोपटून राहिले त्याला. दिवसभर राबलं लेकरू." मी म्हटलं होतं, "एवढं माझ्या लेकरांना थोपटलं असतं तर मला दोन घास गरम मिळाले असते." तुम्ही हसलात. दोघीही हसलो. मला वाटलं, बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा तशी तुमची ती सवय. तुम्ही तर रोज चिकटलेले पॉइंट सोडवत होतात. एखाद्या दिवशी नीट सुटायचे नाहीत, ती तुमची रुसवी सकाळ.

आणि दवाखान्यात, सलाईनचा हात बाजूला करून, तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, काही मनातलं सांगणार. म्हणालात, "सुनंदे, बंद करतानी त्याला थोपटत जा." मी म्हणाले, "आधी ही गोळी घ्या." गोळी घेतलीत आणि डोळे मिटलेत. थोपट म्हणालात, का थोपट ते नाही! माणूस निदान जाताना तरी सरळ बोलतो.

शुक्रवारी डबी काढून घेऊन वसमतला गेले, तुम्ही जायचात त्या वायरिंगवाल्या चाचांकडे. बसस्टँडमागं दुकान, आत मावेल एवढी एकच खुर्ची. त्यांनी डबी उलटीपालटी केली. "ये तो आक्का का डब्बा. कैसी है आक्का?"

मी सांगितलं. चाचा डबी मांडीवर घेऊन बसले, मग झाकण काढलं आणि काळे, खड्डे पडलेले पॉइंट मला दाखवले.

"बारा साल हो गए. लेके आई तब दोनो पॉइंट चिपक के एक हो गए थे. बॅटरी उल्टी लगी की ऐसाच होता. म्या घासून सुटे केले. बोला, आक्का, नवा टाका, हे परत चिपकतंय. बोली, नक्को."

"काहून नको?"

"बोली, आता नुसता धूर निघाला म्हनून खपून गेलं. नवा डब्बा दिसला तर भाऊ पूछेगा, जुना काहून जळाला? यहाँ आके मेरे को पूछेगा. बात निकलेगी. फिर अम्मा गिरनी को ताला डालेगी."

"तार आक्कांनी उलटी लावली. त्यात गिरणीचा काय संबंध?"

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "गिरनीवाली भावजय आपच ना?"

मी "हो" म्हणाले, आणि म्हणता म्हणता मला तो क्लॅम्प दिसला. पेचकस घालून फाकवलेला. बॅटरीच्या दोन खुंट्या सारख्या नसतात. प्लसची जाड, मायनसची बारीक. त्या दिवशी मी तारेचा क्लॅम्प घेतला आणि गिरणीतल्या इन्व्हर्टरला असते तशी तार प्लसला लावायला गेले. तो बसेना. बाया दळणाला उभ्या होत्या. मी पेचकस घातला, पिळला, क्लॅम्प फाकवला आणि दाबून बसवला. ही गोष्ट माझ्या डोक्यात बारा वर्षं होती, पण 'घट्ट बसवला' म्हणून होती. एखादी वस्तू बसत नसेल तर तिची जागा ती नाही, हे गिरणी चालवणाऱ्या बाईला कळू नये?

तुम्ही धूर बघून उतरलात, तार काढलीत, सरळ केलीत, फाकलेला क्लॅम्प सैल झाला म्हणून पावडरचा डबा कापलात, आणि धावत आलेल्या सासूबाईंना सांगितलंत, माझ्या हातून झालं.

बसनं परत येईपर्यंत मी तुमच्याशी भांडत होते. सासूबाईंपुढं नाही सांगितलं, ठीक. गिरणी वाचली. त्याच गिरणीवर पुढं दोन्ही लेकरं शिकली, तेही ठीक. पण सासूबाईंना जाऊन पाच वर्षं झाली! मग सांगायचं की नाही? आपण दोघी खळ्यावर हळद निवडत दिवस दिवस बसायचो. मी तोंड वर करून म्हणायची, 'आक्काची उलटी तार', आणि तुम्ही मान खाली घालून हळकुंडाची माती काढायचात. तेव्हा एक शब्द टाकला असता तर काय बिघडलं असतं? माझं तोंड बंद झालं असतं, एवढंच ना? पण तोवर माझी म्हण पाहुण्यारावळ्यांत पोचली होती. मी कुठं कुठं तोंड लपवलं असतं, याचाही हिशेब तुम्ही करून ठेवला असणार. माझ्या हातचं प्रत्येक काम दुसऱ्यांदा करायची खोड. माझी चूकसुद्धा तुम्ही दुसऱ्यांदा केलीत, स्वतःच्या नावावर.

चाचांच्या फळीवर तसाच दुसरा कटआउट होता. देताना म्हणाले, "इस बार उल्टा मत लगाना." मी म्हणाले, "कुंकू अंगाला." लाल म्हणजे प्लस आणि अंग म्हणजे बॉडी, हे मला आता कुठं उलगडलं होतं. ते म्हणाले, "हाँ, वो भी यहीच बोलती थी."

शनिवारी सकाळी कटआउट बसवला, नवा क्लॅम्प लावला, विणलेली पट्टी प्लसला, तार मायनसला. चाचांनी सांगितलं तसं डायनामोला क्षणभर बॅटरीची तार टेकवून जागं केलं. स्टार्टर दाबला आणि ट्रॅक्टर पहिल्या झटक्याला सुरू झाला. मीटरचा काटा चार्जिंगच्या बाजूला गेला आणि तिथंच राहिला. शेजारी साखळी खांद्यावर घेऊन आलेच होते. भंगारवालाही तेवढ्यात पोचला. "हे तर चालू हाय," तो नाराजीनं म्हणाला. इतक्या लांब आला होता, रिकाम्या हातानं कसा पाठवायचा? जुनी डबी त्याला देऊन टाकली. आठवण म्हणून ठेवावी असं मनात आलं होतं. पण जळका पॉइंट जपून ठेवणाऱ्यांतली मी नाही, आणि तुम्ही तर त्याहून नाही.

दिवसभर ड्रम फिरला. संध्याकाळी ट्रॅक्टर बंद केला आणि सरळ उतरले. थोपटलं नाही, आता गरज नाही. सकाळी परत पहिल्या झटक्याला सुरू. साखळी शेजाऱ्यांच्या घरी गेली.

हळद उरकली त्या दिवशी तुमचा भाऊ उलटा सदरा घालून जेवायला बसला. मावशी अजून आपल्याकडंच आहे. ती हसून म्हणाली, "आक्काची उलटी तार!" सगळे हसले.

मी भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाले, "आक्काची नाही. माझी." आणि सगळं सांगितलं. क्लॅम्प, पेचकस, दळणाच्या बाया, चाचा, गिरणी, सगळं. भाकरी करपली.

मावशी म्हणाली, "जाऊ दे ना बाई. गेलेल्या मानसाला काय फरक पडतो?"

"मला पडतो," मी म्हणाले.

तुमच्या भावानं करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात ओढली. मग विचारलं, "मंग आता काय म्हनायचं?"

"सुनंदाची उलटी तार म्हणायचं."

त्यानं एकदा म्हणून बघितलं. "जिभेवर बसून न्हाई राहिलं."

"बसेल. उद्या परत म्हणा."

आक्का, भांडण संपलं. डायनामोही तुमचाच खरा ठरला. बाकीचं बोलायचं राहिलंय, पण ते मला तुमच्या तोंडावर कधी जमलं नाही, आता पाठीमागं काय जमणार? ट्रॅक्टरवरचं तुमच्या हातचं कुंकू पुसट झालं होतं. करंडा घेऊन गेले आणि नवीन बोट लावून आले. बराबर लावलंय. अंगालाच.